एकशे अठ्ठेचाळीस कुकर

स्वराचा साखरपुडा बारा चाळीसला झाला, जेवणं एकला सुरू झाली आणि वनमालानं पहिला कुकर दोन वाजून पाच मिनिटांनी उलटा करून पाहिला. ही वेळ तिला नंतर लेखी द्यावी लागली, म्हणून ती पक्की आहे.

तिला भेटवस्तूंच्या टेबलापाशी बसवलं होतं तिच्या वहिनीनं, लक्ष्मीबाईंनी. त्यालाही कारण होतं. नणंदबाई सकाळी हैदराबादहून उतरल्या, फंक्शन हॉलमध्ये शिरल्या आणि तासाभरात त्यांनी आचाऱ्याच्या गॅसची नळी बदलायला लावली, मंडपवाल्याची एक वायर काढायला लावली आणि नवरीचे केस कुरळे करायचं यंत्र प्लगमधून उपसून आपल्या पर्समध्ये घातलं. नवरी त्यामुळे सरळ केसांनीच स्टेजवर गेली. तेव्हा लक्ष्मीबाई हात जोडून म्हणाल्या, "वन्सं, तुमी आता इथं बसा. पाव्हणे निघाले की एकेक पिशवी द्या आन हसा. दुसरं काई करू नका."

वनमाला बसली. पाहुणे येत होते, ती पिशवी देत होती आणि जमेल तसं हसत होती. पिशवी कापडी, तिच्यावर 'स्वरा – निहार' असं छापलेलं आणि आत तीन लिटरचा प्रेशर कुकर. तिचे थोरले भाऊ सुधाकरराव भांड्यांचे व्यापारी. आदिलाबादच्या बाजारात त्यांचं दुकान बापाच्या वेळेपासूनचं. नातीच्या साखरपुड्याला त्यांनी एकशे अठ्ठेचाळीस घरं बोलावली होती आणि दर घराला एक कुकर द्यायचं ठरवलं होतं.

दोन वाजता गर्दी ओसरली. हाताला काम उरलं नाही, तसा वनमालानं एक कुकर पिशवीतून काढला. काही शंका होती म्हणून नव्हे. भांडं हातात आलं की ती त्याचं बूड पाहते, एवढंच. एकतीस वर्षं ती केंद्राच्या मानक खात्यात होती. हेल्मेट, गीझर, बाळाची दुधाची बाटली, खेळण्याचा रंग, विजेचं बटन, जे जे माणसाच्या हातात फुटू शकतं किंवा पोटात जाऊ शकतं ते तिनं तपासलं होतं. घरच्यांच्या मते ती शिक्के मारायच्या नोकरीत होती.

बुडावर आयएसआयचा शिक्का होता आणि त्याखाली परवान्याचा नंबर. शेवटचे चार आकडे ४४१७.

तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग दुसरा कुकर काढला, मग तिसरा. पाच कुकर पाहून झाल्यावर तिनं टेबलावर उरलेल्या पिशव्या मोजल्या. सत्त्याऐंशी. म्हणजे एकसष्ट गेल्या होत्या, त्यातल्या तीसेक तिच्या स्वतःच्या हातून. तिनं आपली पर्स ढिगावर ठेवली. समोर उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "आमची पिशवी?"

"जरा थांबा," वनमाला म्हणाली, आणि हसायचं विसरली.

---

नवरीच्या खोलीत पाच माणसं मावली. सुधाकरराव खुर्चीत बसले. त्यांचा मुलगा पंकज दाराला पाठ लावून उभा राहिला. हल्ली दुकान तोच पाहायचा. लक्ष्मीबाई आरशापुढच्या स्टुलावर होत्या आणि स्वरा गळ्यातला हार काढत होती.

"हा नंबर सहा वर्षांपूर्वी रद्द झालाय," वनमालानं सांगितलं. "कारखानाही बंद झाला. त्या नंबरावर आज कुणी कुकर बनवू शकत नाही."

"छापणाऱ्याची चूक असंन, आत्या," पंकज म्हणाला. "एखादा आकडा इकडचा तिकडे."

"पाच पाहिले. पाचांवर तोच."

"आन तुले कसा काय ध्यानात राह्यला सहा वर्षांपूर्वीचा नंबर?"

"मीच रद्द केला होता."

पंकज दारापासून सरळ झाला. वनमालानं विचारलं, "माल कुठून घेतलास?"

त्यानं आधी बापाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "भैंशाहून. महिपतमामाकडून."

महिपत म्हणजे निहारचा मामा, वरमाईचा सख्खा भाऊ. भैंशात त्याचा भांड्यांचा ठोक धंदा होता आणि सोयरीकही त्यानंच जुळवून आणली होती. बाहेर हॉलमध्ये तो या घडीला तिसऱ्यांदा बासुंदी घेत होता.

"वन्सं," लक्ष्मीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आजचा एक दिवस. तुमी पाह्यलंच नाई असं समजा."

"पाहिलं ना पण वहिनी."

"आमी कोणाले सांगतो का तुमी पाह्यलं म्हून?"

"मला सांगावं लागेल."

"काऊन? तुमी तं सुट्टीवर हाय ना?"

नियमात सुट्टीचा उल्लेख होता की नाही, हे वनमाला खरोखरच आठवत राहिली.

स्वरानं हार बाजूला ठेवला. "आत्याआजी, हा फुटतो का?"

"रोज नाही फुटत. वर्षभरही चालेल. मग एखाद दिवशी डाळीचं टरफल वाफेच्या भोकात अडकतं. चांगल्या कुकरला झाकणावर सेफ्टी वॉल्व्ह असतो. वाफ कोंडली की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. यांचा वितळत नाही. आमच्या प्रयोगशाळेत सातातला एक वितळला होता, तोही उशिरा."

"मग कोणाला काही झालं होतं का?"

"एका बाईचा डोळा गेला. मी दवाखान्यात जाऊन तिचा जबाब घेतला."

"नाव काय तिचं?"

एवढ्या वर्षांत कुणी नाव विचारलं नव्हतं. अहवालातही ते नव्हतं. "पोशव्वा," वनमाला म्हणाली. "तिनं मलाच विचारलं, शिक्का होता ना बाई, मी शिक्का पाहूनच घेतला होता."

लक्ष्मीबाई केसांच्या आकड्यांवर बसल्या होत्या, ते त्यांच्या आता लक्षात आलं, पण त्या उठल्या नाहीत.

सुधाकरराव खुर्चीतून बहिणीकडे पाहत होते. ते वनमालापेक्षा सतरा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा ती आठवीत होती. पुढं काका-मामांनी तिच्यासाठी स्थळं आणली, तेव्हा सुधाकररावांनी तिची ट्रंक उचलली, वरंगलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिला नेऊन सोडलं आणि परत येऊन सगळ्यांना सांगितलं की पोरगी घरी नाही, चार वर्षांनी या. दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ते आजही म्हणत, "माझी बहीण आयएसआयमध्ये हाय. आमच्याकडं नकली माल नाई."

"आता काय करशील?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसला फोन करीन. उद्या कुणीतरी येईल, दुकानातला माल पाहील, जप्ती करील."

"कुणीतरी कायले? तू हाय ना."

"नातेवाईकाची केस असली की आपण हात लावायचा नसतो, दादा. नियम आहे."

"म्हंजे मी आता केस हाय."

"दुकान आहे."

"दुकान माझ्या नावावर हाय." सुधाकरराव उठले. त्यांनी धोतराचा सोगा नीट केला. "तू येऊन जप्ती केली असती तं मी कुलूप उघडून देलं असतं, वने. घरचीच गोष्ट व्हती. आता परका माणूस येऊन माझ्या गल्ल्यापाशी उभा राह्यन."

वनमाला म्हणाली, "हो."

सुधाकरराव दार उघडून बाहेर गेले, थेट स्टेजवर, आणि त्यांनी बँडवाल्याच्या हातून माइक घेतला.

"पाव्हणे मंडळी," ते म्हणाले, "जे कुकर तुमाले देल्ले ते खराब निघाले. घरी नेऊ नका. ज्यानं नेले त्यानं वापरू नका. आमी येऊन घेऊन जाऊ, बदल्यात स्टीलचा कडीचा डबा देऊ. जेवण मात्र चांगलं हाय, ते सावकाश करा." मग तेच त्यांनी तेलुगूत आणि हिंदीत सांगितलं. जेवणाचं वाक्य त्यांनी तिन्ही भाषांत घेतलं.

वरपक्ष उठला. निहारचे वडील वामनराव भैंशाचे कापूस जिनिंगवाले, शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "सुधाकरराव, शुभकार्यात देल्ली वस्तू वापस घेणं बरं नसते." त्यांच्या मागे महिपत हातात वाटी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "कोण म्हणते खराब? माल माझा हाय. मी पाहून देल्ला."

तेव्हा वरमाई भाग्यलक्ष्मीबाई पुढं आल्या. "महिपत, दिवाळीले तू मले ओवाळणीत कुकर देल्ला. माझ्या ओट्यावर हाय तो. रोज लावून राह्यली मी."

"तुझा वेगळा हाय, ताई."

"वेगळा कसा?"

"तुझा ओरिजिनल हाय," महिपत म्हणाला.

हे वाक्य चाळीसेक माणसांनी ऐकलं. महिपतनंही ऐकलं, पण जरा उशिरा. त्यानं वाटी शेजारच्या टेबलावर ठेवली आणि विडा न घेता तो गाडीकडे गेला.

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं, मग सुनेकडे. स्वरा तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांकडून पिशव्या परत गोळा करत होती आणि निहार त्या धरत होता. "अंगठी राहू द्या," वामनराव म्हणाले. "कुकर तेवढे वापस घ्या."

---

सोमवारी सकाळी हैदराबादहून भार्गव आला. वनमालाच्या हाताखाली तो सहा वर्षं होता. ती दुकानाकडे फिरकली नाही. लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात बसून तिनं दिवसभर मेथी निवडली, इतकी की दोन दिवस पुरली.

संध्याकाळी सुधाकरराव घरी आले, पाय धुतले आणि पाटावर बसले. ताटाकडे पाहत म्हणाले, "दोनशे बारा नग नेले. सील ठोकलं. पोरगा चांगला हाय. अंकल, माफ कीजिए, म्हणे. चहा मागवला तं घेतला नाई. पाणीसुद्धा नाई घेतलं."

"मीच शिकवलंय त्याला," वनमाला म्हणाली. "ज्याच्याकडे तपासणी त्याचं पाणी घ्यायचं नाही."

"चांगलं शिकवलं," सुधाकरराव म्हणाले, आणि त्यानंतर तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

पण तिच्यासोबत फिरले. वाटलेल्या एकसष्टांतले अडतीस हॉलमध्येच परत मिळाले होते; घोषणेआधी निघून गेलेल्यांकडे तेवीस कुकर होते. ते परत आणायला वनमालानं रजा वाढवली. गाडी स्वरा चालवायची, पुढं सुधाकरराव, मागं वनमाला आणि तिच्या बाजूला कडीच्या डब्यांचा ढीग. घरोघरी जाऊन सुधाकरराव जोडे काढून आत जायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "माझ्याकडून चूक झाली." पंकजचं नाव त्यांनी कुठंच घेतलं नाही, महिपतचंही नाही. ते मान खाली घालून बाहेर येताना वनमाला दारातून पाहायची आणि डब्याचं झाकण नीट बसतं का ते तपासायची.

एका वकिलानं कुकर द्यायला नकार दिला, पुरावा म्हणून. त्याला स्वरानं समजावलं. एका घरी कुकर परस्पर लेकीच्या सासरी, नांदेडला पोचला होता. तो बसच्या कंडक्टरच्या हाती परत आला. बुधवार संध्याकाळपर्यंत तेविसातले बावीस जमले. वनमालाच्या साऱ्या नोकरीत बाजारातून परत मागवलेला माल निम्मासुद्धा कधी परत आला नव्हता.

राहिला तो बयनाआत्याचा. बयनाबाई त्यांची चुलत आत्या, बाजारहत्नूरला एकटी राहायची. शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरल्या पैशांवर कसायला दिलेलं, फोन नाही. बस चुकेल म्हणून ती साखरपुड्यातून सर्वांआधी उठली होती आणि तिच्या हातात पिशवी वनमालानंच दिली होती.

---

गुरुवारी अकराला ते पोचले. बयनाबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. भाच्यांना पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"या, या. बरे आले. आज तुमचाच कुकर लावला. येवढे दिवस झाकून ठेवला व्हता, म्हटलं गुरुवारी काढावा."

"कधी लावला, आत्या?" वनमालानं विचारलं.

"झाला बराच वेळ. पंकज म्हणाला व्हता तीन शिट्ट्या होऊ द्या. एकही नाई झाली अजून. म्या वाट पाहून राह्यली."

वनमाला पायरीकडे वळेपर्यंत सुधाकरराव आत गेले होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस इतका चटकन चालू शकतो, हे तिला माहीत नव्हतं. ती दारातूनच म्हणाली, "आधी गॅस बंद कर, दादा. कुकरला हात लावू नकोस. शिट्टी उचलू नकोस." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. प्रयोगशाळेत नव्या मुलांना सूचना देताना असतो तसा. पण चौकटीला धरलेला हात तिला सोडवेना.

आतून बटन फिरवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग सुधाकरराव बाहेर आले. "बंद केला. सिलिंडरचाही केला."

"झाकण पाहिलंस?"

"फुगल्यावाणी दिसते."

चौघं अंगणाच्या पार टोकाला, कडुलिंबाखाली जाऊन बसले. बयनाबाईला हे काय चाललंय ते कळेना. स्वरानं तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सुधाकर गुन्हेगार हाय का?"

"ते अजून ठरायचंय," वनमाला म्हणाली.

"कोण ठरवते? तू?"

"मी नाही. दुसरे ठरवतील."

"मंग तू काय करते?"

हा प्रश्न बयनाबाईनं सहज विचारला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. सुधाकररावांनी मात्र बहिणीकडे पाहिलं. कामापलीकडचं ते तीन दिवसांनंतर पहिल्यांदा तिच्याशी बोलले. "खरंच, वने. इतकी वर्षं झाली. गिऱ्हाइकाले सांगतो माझी बहीण तिथं हाय म्हून. तू तिथं करते काय, हे मी कधी इचारलंच नाई."

वनमालानं घराच्या दाराकडे पाहिलं. "आपण आता बसलोय ना, हेच. काही होऊ नये म्हणून बसायचं. नाही झालं की उठून जायचं. काही झालंच नाही, तर लोकांना काय सांगणार?"

"आन झालं तं?"

"मग जबाब घ्यायला जायचं."

सुधाकररावांनी मान हलवली. ते वेळेवर आले नसते तर त्या झाकणासमोर, ओट्याशी बयनाआत्या उभी असती, हे त्यांना आता दिसत होतं. म्हातारीची उंची आणि ओट्याची उंची ते मनात पुन्हा पुन्हा ताडून पाहत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. स्वरानं तो धरला.

पाऊण तासानं वनमाला आत गेली. कुकर गार झाला होता. तिनं शिट्टी उचलली, झाकण काढलं आणि उजेडात धरलं. भोकात तुरीचं टरफल बसलं होतं, नखाएवढं. सेफ्टी वॉल्व्ह शाबूत होता, नवा असल्यासारखा चकचकीत. तिनं ते झाकण भावाच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून खूप वेळ पाहिलं. पन्नास वर्षं ते कुकर विकत होते.

"डाळीचा तं पार लगदा झाला," बयनाबाई आतून म्हणाली. तिनं ती जुन्या भगुण्यात ओतली, चुलीवर ठेवली आणि त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भाकरी आणि ती डाळ. कडीचा डबा तिला आवडला नाही. ठेवून घेतला.

परतीला सुधाकरराव मागच्या सीटवर वनमालाजवळ बसले. एकशे अठ्ठेचाळिसावा कुकर त्यांच्या मांडीवर होता. बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "नोटीस माझ्या एकट्याच्या नावावर येऊ दे. पंकजचं नाव नको."

"ते मी सांगू शकत नाही. तू तुझ्या जबाबात सांग."

"सांगतो. जबाब द्याले हैदराबादले यावं लागन?"

"लागेल. दोन-तीनदा."

"तुझ्याकडं उतरलो तं चालते का? नियमात?"

वनमाला खिडकीबाहेर पाहू लागली. दोन्हीकडं वेचून झालेल्या कापसाची रानं होती. स्वराला आरशातून दिसत होतं की आत्याआजी खरोखरच विचार करते आहे, कलम आठवते आहे. गाडीनं एक गाव मागे टाकलं, मग दुसरं.

"उतर," ती शेवटी म्हणाली. "पण मला ऑफिसला लेखी कळवावं लागेल."

"काय लिहशील?"

"भाऊ आला होता, जेवला, केसबद्दल काही बोललो नाही."

"जेवला असं लिहशील?"

"लिहीन."

"मंग पाण्याचंही लिही," सुधाकरराव म्हणाले, आणि डोळे मिटून मागं टेकले.